कण्यापासून बेअरिंगपर्यंत : आळेफाटा परिसरातील चाक, वंगण आणि घरगुती वाहनदुरुस्ती – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

वाहनाच्या इंजिनावरील पट्टा फिरविणाऱ्या पुलीचे झिजलेले बेअरिंग घरच्या घरी बदलणे ही वरवर पाहता किरकोळ यांत्रिक बाब आहे. परंतु या कृतीमागे चाक, आस आणि वंगण यांविषयीच्या ग्रामीण ज्ञानाचा दीर्घ इतिहास उभा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात जुन्नर तालुक्यातील आळेफाटा परिसराच्या संदर्भात बैलगाडीचा आस, मोटेचे चाक आणि मोटारवाहनाची पुली या तीन टप्प्यांचा विचार केला आहे. प्रमाणित बेअरिंगमुळे दुरुस्तीचे ज्ञान जातिनिष्ठ व्यवसायाच्या चौकटीबाहेर कसे आले आणि अलीकडच्या काळात ते पुन्हा संकुचित होण्याची शक्यता का निर्माण झाली आहे, हे येथे तपासले आहे.

बीजसंज्ञा : आळेफाटा, बलुतेदारी, मोट, वंगण, बेअरिंग, दुरुस्तीचा हक्क

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील आळेफाटा हे पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावरील ठिकाण आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. हे मार्ग पूर्वी अनुक्रमे राष्ट्रीय महामार्ग ५० आणि २२२ म्हणून ओळखले जात. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ते ६० आणि ६१ या क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. मूळ आळे हे गाव जुने असून संत ज्ञानेश्वरांच्या चरित्रातील रेड्याच्या समाधिस्थानामुळे वारकरी परंपरेत त्यास विशेष स्थान आहे. आळेफाटा मात्र नावाप्रमाणेच रस्त्याने घडविलेली वस्ती आहे. गावाला देवळामुळे महत्त्व आले, तर फाट्याला ते चाकामुळे आले.

चाकाच्या इतिहासाची मांडणी करताना अभ्यासक बहुधा राजमार्ग, व्यापार आणि नव्या शोधांकडे लक्ष देतात. चाक फिरते ठेवण्याचे काम, म्हणजे वंगण घालणे, आवाज ऐकणे, झिजलेला भाग ओळखणे आणि तो बदलणे, इतिहासलेखनात अभावानेच आढळते. वस्तुतः कोणतेही यंत्र निर्मितीनंतरचे बहुतेक आयुष्य देखभालीच्या आधारावरच जगते. या दुर्लक्षित बाजूचा विचार करणे हा प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) आळेफाटा परिसराच्या संदर्भात चाकाच्या देखभालीची पारंपरिक व्यवस्था समजून घेणे.
२) बेअरिंगच्या आगमनाने या व्यवस्थेत झालेल्या बदलांचे स्वरूप अभ्यासणे.
३) घरगुती वाहनदुरुस्तीचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

घाटमार्ग आणि प्राचीन कारागीर

जुन्नरच्या पश्चिमेस असलेला नाणेघाट हा सातवाहन काळातील महत्त्वाचा व्यापारी मार्ग होय. तेथील लेण्यातील नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून परंपरेने सांगितला जाणारा दगडी रांजण सर्वपरिचित आहेत. परंतु हा पायऱ्यांचा मार्ग होता. तेथे गाडी चालणे शक्य नव्हते. माल बैलांच्या, गाढवांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जात असे. घाटाच्या माथ्यावर चाकाचे राज्य सुरू होई आणि घाटाच्या तोंडाशी ते संपे.

जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत बांबूकाम करणारे वसकार, कांस्यकाम करणारे कासाकार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. कारागीर संघटित होते, त्यांच्याकडे ठेवी ठेवल्या जात आणि त्यांचे नाव दगडावर कोरण्याइतकी त्यांना प्रतिष्ठा होती, असे त्यावरून दिसते. पुढील काळात गावगाड्यातील कारागिराची स्थिती याहून पुष्कळच वेगळी झाली.

बलुतेदारी आणि बैलगाडीचे चाक

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात महाराष्ट्रातील बलुतेदारीचे सविस्तर विवेचन आढळते. सुतार आणि लोहार हे कुणब्याच्या शेतीकामाशी सर्वांत निकटचे बलुतेदार होत. वर्षभर औतकाठीची दुरुस्ती करावयाची आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. नवी गाडी बांधण्याचा मोबदला सामान्यतः वेगळा ठरविला जाई. दुरुस्ती मात्र बलुत्यात मोडत असे. याचा अर्थ असा की, दुरुस्ती ही विकत घेण्याची सेवा नसून वंशपरंपरेने चालत आलेल्या नात्याचा भाग होती. त्या नात्यात हमी होती, तशीच विषमताही होती. कोणी काय दुरुस्त करावे हे जन्माने ठरत असे.

बैलगाडीचे चाक हे तुंबा, आरे आणि बाहेरील लोखंडी धाव यांनी बनते. तुंब्याच्या छिद्रातून आस जातो आणि चाक त्याभोवती फिरते. येथे पृष्ठभागावर पृष्ठभाग घासतो. हे घर्षण कमी करण्यासाठी तेल आणि काजळी यांसारख्या पदार्थांचे वंगण वापरले जाई. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीस वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. वंगण घालणे हे गाडीवानाचे काम होते. धाव चढविणे किंवा तुंबा बदलणे हे सुतार-लोहाराचे. देखभाल घरची आणि दुरुस्ती बलुतेदाराची, अशी ही श्रमविभागणी होती.

धाव चढविण्याची रीत विशेष लक्षणीय आहे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केली जाई. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. तापल्याने फुगलेली धाव थंड होताना आकसे आणि लाकडी सांधे घट्ट आवळले जात. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे पदार्थविज्ञानाचे तत्त्व गावच्या लोहारास पाठ्यपुस्तकाविना अवगत होते. या रीतीचा संबंध पुढे बेअरिंग बसविण्याच्या कृतीशी येतो.

आळेफाट्याच्या पूर्वेस असलेल्या बेल्हे येथील बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैलांची पारख करणाऱ्या या परिसरात चाकाची पारखही तितकीच आवश्यक होती. उत्तम बैलजोडीसुद्धा कोरड्या आसाच्या गाडीपुढे थकते, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक होते.

मोटेचे चाक : कप्पीचे पहिले ज्ञान

शालेय पुस्तकांत ज्यास कप्पी म्हणतात आणि गॅरेजमध्ये ज्यास पुली म्हणतात, तिची शेतकऱ्यास पहिली ओळख विहिरीवर झाली. मोटेचा नाडा ज्या चाकावरून जाई ते चाक कण्यावर फिरत असे. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, चाक फिरे आणि मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. मराठीत गाडीच्या चाकाचा लोखंडी वेढा आणि मोटेच्या बैलांची उतरती वाट या दोहोंनाही धाव असेच म्हणतात.

मोटेच्या चाकाची कुरकुर हा ग्रामीण महाराष्ट्राच्या पहाटेचा ओळखीचा आवाज होता. साहित्यात त्याचे वर्णन रम्य म्हणून येत असले तरी मोटकऱ्याच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे सूचना होती. कुरकुर वाढली म्हणजे कणा कोरडा पडला. चाक डुगडुगू लागले म्हणजे छिद्र मोठे झाले. नाडा एका बाजूला सरकू लागला म्हणजे चाक तिरपे बसले. कानाने निदान करणे, हाताने डुगडुग तपासणे आणि दोराची दिशा डोळ्याने पाहणे ही त्रिसूत्री मोटेने शिकविली. आजच्या वाहनाच्या पुलीची तपासणीही याच त्रिसूत्रीने होते.

मोट मागे पडण्याची प्रक्रिया दीर्घ होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली आणि १९२० च्या दशकात तेथे पंपांची निर्मिती सुरू झाली. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या नियतकालिकातून यंत्राची भाषा मराठी वाचकापर्यंत पोहोचली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आल्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणास गती मिळाली. विहिरीवर इंजिन आले, इंजिनावर पट्टा आला आणि पट्ट्यासोबत बेअरिंग असलेली पुली आली. अशा रीतीने मोटारवाहन दारात येण्यापूर्वीच अनेक शेतकरी कुटुंबांचा पट्टा, पुली आणि ग्रीस यांच्याशी परिचय झालेला होता.

बेअरिंगचा उदय आणि प्रमाणीकरण

घसरण्याऐवजी लोळण्यामुळे घर्षण कमी होते, हे बेअरिंगचे मूलतत्त्व आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. म्हणजेच बॉल बेअरिंगच्या पहिल्या पेटंटाचा संबंध घोडागाडीशी होता. परंतु एकसारख्या गोल पोलादी गोळ्या मोठ्या प्रमाणावर बनविणे त्या काळी शक्य नव्हते. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये गोळ्या घासण्याचे यंत्र तयार केले आणि ही अडचण दूर झाली. १९०७ मध्ये स्वीडनच्या स्वेन विंगक्विस्ट यांनी स्वयंसंरेखित बेअरिंग विकसित केले आणि त्याच वर्षी गोटेनबर्ग येथे एसकेएफ कंपनीची स्थापना झाली.

भारतात १९४६ मध्ये जयपूर येथे नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज ही बेअरिंग कंपनी स्थापन झाली. १९६१ मध्ये एसकेएफच्या सहभागाने असोसिएटेड बेअरिंग कंपनीची स्थापना होऊन पुढे चिंचवड येथे तिचा कारखाना उभा राहिला. आळेफाट्यावरून पुण्याकडे जाणारा रस्ता ज्या औद्योगिक पट्ट्यास मिळतो, त्याच पट्ट्यात बेअरिंग तयार होऊ लागले, ही बाब या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तथापि बेअरिंगचे खरे सामाजिक महत्त्व त्यावर कोरलेल्या क्रमांकात आहे. उदाहरणार्थ, ६२०३ या क्रमांकातील ६ हा आकडा बेअरिंगचा प्रकार, २ हा मापांची मालिका आणि ०३ हा आतील छिद्राचा संकेत दर्शवितो. या बेअरिंगचे आतील छिद्र १७ मिलिमीटर, बाहेरील व्यास ४० मिलिमीटर आणि जाडी १२ मिलिमीटर असते. ०४ पासून पुढे संकेतास ५ ने गुणले की छिद्राचे माप मिळते. म्हणजे ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. बनविणारा कोणीही असो, देश कोणताही असो, क्रमांक तोच आणि माप तेच.

गाडीचा तुंबा एका सुताराने दुसऱ्याच्या मापाने बनविलेला नसे. त्या चाकाची दुरुस्ती ते चाक ओळखणाऱ्या हातालाच जमे. बेअरिंगचा क्रमांक मात्र वाचता येणाऱ्या प्रत्येकास दुरुस्तीचे दार उघडून देतो. अक्षरओळख आणि अंकओळख एवढ्या भांडवलावर कोणत्याही जातीचा मनुष्य पुण्याच्या नाना पेठेतून किंवा फाट्यावरील सुट्या भागांच्या दुकानातून योग्य भाग आणू शकतो. बलुतेदारीच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. परंतु दुरुस्तीचे ज्ञान जन्मापासून विलग करण्यात प्रमाणित मापांचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

फाट्यावरील वाहने आणि अंगणातील दुरुस्ती

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यानंतरच्या दशकांत एसटी, मालमोटार, जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांनी ग्रामीण रस्ते व्यापले. १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे निर्माण झाले आणि दापोडी येथील एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेसारख्या ठिकाणी यंत्रकारागिरांची पिढी घडली. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ऊस, कांदा आणि टोमॅटो यांची लागवड वाढली. नाशवंत माल रात्रीतून बाजारपेठेत पोहोचविणे आवश्यक झाले आणि मालवाहू पिकअप हे शेतीच्या अवजारांपैकीच एक ठरले.

अशा वाहनाच्या इंजिनावरील पट्टा पाण्याचा पंप, अल्टरनेटर आणि अन्य भाग फिरवितो. पट्ट्यास दिशा व ताण देण्यासाठी जी मोकळी पुली असते तीत लहान बेअरिंग असते. इंजिनाची मुख्य पुली १५० मिलिमीटर आणि ही पुली ७५ मिलिमीटर व्यासाची असेल, तर इंजिनाच्या २,००० फेऱ्यांस ती मिनिटास ४,००० म्हणजे तासास २,४०,००० फेरे घेते. धूळ, पाणी आणि अतिताण यांमुळे आतील ग्रीस नष्ट होते आणि घरघर सुरू होते. दुर्लक्ष झाल्यास बेअरिंग जाम होते, पट्टा जळून तुटतो आणि इंजिन तापते. माळशेज घाटात रात्री असे घडल्यास बेअरिंगच्या किमतीशी कोणतेही प्रमाण नसलेले नुकसान संभवते. कारण गाडीत असतो तो वर्षाच्या कष्टाचा माल.

घरगुती दुरुस्तीची रीत पाहता तिच्यातील पारंपरिक ज्ञानाचे सातत्य स्पष्ट होते. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावयाचे, किल्ली काढावयाची आणि बॅटरीची ऋण तार सोडवावयाची. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचे चित्र काढून ठेवावयाचे. नंतर ताण सैल करून पट्टा उतरवावयाचा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावयाची. निरोगी बेअरिंग आवाज न करता फिरते. झिजलेले खरखरते किंवा डुगडुगते. मोटेच्या चाकाची परीक्षा यापेक्षा निराळी नव्हती.

दोषी पुलीचा बोल्ट सोडविताना त्याचे आटे उलटे तर नाहीत ना, हे पाहावे लागते. पुली उतरल्यावर सर्क्लिप काढून जुने बेअरिंग पुलीस खालून आधार देऊन ठोकून काढले जाते आणि त्यावरील क्रमांक टिपून घेतला जातो. नवे बेअरिंग पुलीत बसविताना दाब केवळ बाहेरील कड्यावरच पडला पाहिजे. आतील कड्यावर ठोकल्यास तो आघात गोळ्यांमार्फत जातो, त्यांच्या मार्गावर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करू लागते. म्हणून बाहेरील कड्याच्या मापाचा सॉकेट किंवा काढलेले जुने बेअरिंग मध्ये ठेवून व्हाइसमध्ये सावकाश दाबण्याची पद्धत रूढ आहे.

पुली धातूची असल्यास ती कढत पाण्यात ठेवली जाते आणि नवे बेअरिंग वेष्टनासह शीतकपाटात. ४० मिलिमीटर छिद्राची पोलादी पुली ७० अंश सेल्सिअसने तापल्यास छिद्र सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठे होते. तेवढ्याने घट्ट बसणारा भाग सुलभपणे आत जातो. गोवऱ्यांच्या आरात धाव तापविणाऱ्या लोहाराचे तत्त्व येथे स्वयंपाकघरातील पातेल्यात उतरलेले दिसते. प्लॅस्टिकच्या पुलीस मात्र ही रीत लागू पडत नाही.

या चित्राची मर्यादाही नोंदविली पाहिजे. दुरुस्तीचे ज्ञान जातीच्या चौकटीबाहेर आले तरी ते घरातील सर्वांपर्यंत पोहोचले असे म्हणता येत नाही. अंगण घराचे, पातेले स्वयंपाकघरातले. परंतु पाना बहुधा पुरुषाच्याच हाती राहिला.

देखभालीकडून बदलीकडे

बैलगाडीच्या आसास वंगण घातले जाई. जुन्या उघड्या बेअरिंगला ग्रीस भरले जाई. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेल्या बंद बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते सामान्यतः पुन्हा भरावयाचे नसते. त्यामुळे देखभालीचा श्रम वाचला, परंतु देखभालीची सवयही गेली. वस्तू झिजेपर्यंत वापरावयाची आणि नंतर बदलावयाची, हा व्यवहार रूढ झाला.

याचा पुढील टप्पा अधिक विचारणीय आहे. अनेक नव्या वाहनांत बेअरिंग पुलीपासून वेगळे करता येत नाही. पुली, बेअरिंग आणि ताणयंत्रणा एकत्रित संच म्हणून विकली जाते. क्रमांकाने ओळखले जाणारे सार्वत्रिक बेअरिंग विशिष्ट उत्पादकाच्या विशिष्ट भागात बंद होते. या रचनेस सुरक्षितता व अचूकता यांची कारणे असू शकतात, हे मान्य केले पाहिजे. नकली सुट्या भागांचा धोकाही खरा आहे. तरीही किरकोळ भागासाठी पूर्ण संच घ्यावा लागणे हा ग्राहकावरील भार आहे.

हा प्रश्न आता कायदा व धोरण यांच्या पातळीवर पोहोचला आहे. सुट्या भागांची खुल्या बाजारातील उपलब्धता रोखल्याच्या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; या निर्णयाविरुद्ध पुढे अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. शेती अवजारे आणि मोटारवाहने ही तिच्या विचारकक्षेतील प्रमुख क्षेत्रे होती. डिसेंबर २०२२ मध्ये या विषयाचे संकेतस्थळही सुरू करण्यात आले. आळेफाट्यासारख्या ठिकाणी शेती आणि वाहन या दोन बाबी वेगळ्या करता येत नाहीत. त्यामुळे या धोरणाचा येथील जीवनाशी थेट संबंध आहे.

निष्कर्ष

१) आस, मोटेचे चाक आणि वाहनाची पुली यांच्या देखभालीत कान, हात आणि डोळा यांवर आधारित निदानपद्धतीचे सातत्य आढळते.
२) बलुतेदारीत दुरुस्तीची हमी होती, परंतु ज्ञान वंशपरंपरेने मर्यादित होते. बेअरिंगच्या प्रमाणित क्रमांकाने ही मर्यादा शिथिल केली.
३) बंद बेअरिंगमुळे देखभालीची जागा बदलीने घेतली आणि एकत्रित संचांमुळे घरगुती दुरुस्तीचा अवकाश पुन्हा आकुंचित होत आहे.
४) पूर्वीची मर्यादा जातीची होती, नवी मर्यादा रचनेची व मालकीची आहे. दोन्हींचा परिणाम मात्र वस्तू वापरणाऱ्यास तिच्या ज्ञानापासून दूर ठेवण्यातच होतो.

समारोप

झिजलेले बेअरिंग बदलणारा शेतकरी काही रुपयांची बचत करतो, एवढेच त्या कृतीचे मोल नाही. ज्या यंत्रावर आपली उपजीविका अवलंबून आहे ते आपल्याला कळते, हा आत्मविश्वास त्यातून निर्माण होतो. जुन्नरच्या लेण्यांत कारागिरांच्या श्रेणींची नावे दगडावर कोरलेली आहेत. गावगाड्यातील सुतार-लोहारांची नावे मात्र इतिहासाने फारशी जपली नाहीत. अंगणात पुली उघडून बसलेल्या माणसाचीही नोंद कोठे होणार नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील जुनी अवजारे, त्यांच्या भागांची नावे आणि दुरुस्तीच्या रीती विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नोंदवून ठेवल्यास हे ज्ञान विस्मृतीत जाण्यापासून वाचू शकेल. मोटेच्या कण्याविषयी बोलू शकणारी पिढी आता थोडीच उरली आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.